कोंबडीची पार्टी आणि इसाराचा हिशेब

इंग्रजीत 'हेन' म्हणजे कोंबडी. विलायतेत लग्नाआधी नवरी मुलगी मैत्रिणींना घेऊन शुक्रवार ते रविवार एखाद्या गावी जाते, त्याला 'हेन पार्टी' म्हणतात. नाव ऐकून आपले बुजुर्ग नाक मुरडतील. मीही मुरडले होते. पण २०२३ साली भाचीच्या लग्नासाठी तिकडे जाणे झाले आणि "मामू, तुम्ही व्यापारी आहात, एवढा हिशेब बघून द्या," असे म्हणत तिने कागद माझ्या हातात ठेवले. तीस वर्षे कापड मोजणाऱ्या माणसाला त्यात काय दिसले, ते व्यापारी बांधवांपुढे ठेवतो.

मुलींनी ब्रिस्टल शहर निवडले होते. निवड वाईट नव्हती. हे जुने बंदर. पूर्वी ओहोटी लागली की जहाजे चिखलात कलंडायची. १८०९ साली नदीला दरवाजे घालून पाणी आत अडवले, तेव्हापासून गोदीत पाणी कायम भरलेले. त्यामुळे फेरीबोट, जेवणाची ठिकाणे, संग्रहालये सगळी काठाला लागून. १८४३ साली तिथेच बांधलेले 'ग्रेट ब्रिटन' हे लोखंडी जहाज १९७० साली परत आणून त्याच गोदीत ठेवले आहे. बारा मुलींना एका जागी ठेवायचे तर असेच गाव हवे. टॅक्सीचा खर्च वाचतो. मात्र जुन्या रस्त्यांवर दगडी फरशी आहे, उंच टाचांच्या चपला घेऊन गेलेल्या मुली संध्याकाळी पाय चोळत बसल्या.

आता मुद्द्याची गोष्ट. बारा जणींसाठी दोन रात्रींचे घर १,४४० पौंडांना ठरले, माणशी १२०. सगळी रक्कम भाचीच्या एका मैत्रिणीने, जी रुग्णालयात नर्स आहे, आपल्या खात्यातून भरली. बाकीच्यांनी फोनवर "हो, हो" लिहून पाठवले. तीन आठवडे उरले असताना दोघी गळाल्या. घरमालकाची शर्त अशी की तीस दिवसांच्या आत रद्द केल्यास पैसे परत नाहीत. माणशी १२० चे १४४ झाले आणि दहा जणींत तकरार सुरू झाली. जिने सगळ्यांसाठी धावपळ केली तिलाच ऐकून घ्यावे लागले.

मी तिला विचारले, "बेटी, इसार का नाही घेतलास?" ती म्हणाली, "मामू, मैत्रिणींकडे पैसे कसे मागायचे?" हीच आपल्याकडच्या दुकानांचीही बीमारी आहे. शरमेपोटी दिलेली उधारी शेवटी दोस्तीही खाते आणि भांडवलही.

ब्रिस्टलच्या कॉर्न स्ट्रीटवर १७४३ सालची व्यापाऱ्यांची पेढी आहे, आतमध्ये आज बाजार भरतो. तिच्या दाराशी कमरेइतक्या उंचीचे, सपाट डोक्याचे चार धातूचे खांब आहेत. त्यांना 'नेल्स' म्हणजे खिळे म्हणतात. सौदा झाला की व्यापारी तिथल्या तिथे त्यावर रक्कम मोजून देत. लग्नानंतरच्या आठवड्यात मी ते पाहायला मुद्दाम गेलो. बराच वेळ हात ठेवून उभा होतो.

याच बंदराची दुसरी बाजूही कापडवाल्याने विसरू नये. अठराव्या शतकात इथली जहाजे पश्चिम आफ्रिकेत माल देऊन माणसे विकत घेत आणि त्या मालात हिंदुस्थानी सुती कापडही असे. आपल्या विणकराच्या हातचे कापड कुठे आणि कशाच्या बदल्यात गेले, हे त्याला बिचाऱ्याला कधी कळले नसेल. त्या धंद्यातल्या कोल्स्टन नावाच्या व्यापाऱ्याचा पुतळा २०२० साली लोकांनी पाडून गोदीत ढकलला. तो आता काठावरच्या संग्रहालयात आडवा ठेवलेला आहे.

पुन्हा हिशेबाकडे येतो. घरभाडे हा खर्चाचा निम्माही भाग नव्हता. बोट, चहापाणी, सारख्या रंगाचे कपडे, शनिवारचे जेवण मिळून माणशी ३०० पौंडांच्या वर गेले. दहा जणींत एक मुलगी दुकानाच्या काउंटरवर काम करणारी. तिने एकदाही तोंड उघडले नाही, पण तिचे पैसे प्रत्येक वेळी सर्वांत शेवटी यायचे, तेही दोन तुकड्यांत. माझे मत मी भाचीला स्पष्ट सांगितले: अशा बेताचा अंदाज सर्वांत कमी कमावणारीच्या खिशावरून बांधावा. ज्यांना जास्त खर्च करायचा त्यांनी वेगळा करावा.

जेवणाचे बिल तर सरळ अन्यायाचे होते. निम्म्याहून अधिक मुली दारूला हात न लावणाऱ्या, त्यांनी सरबत घेतले. हॉटेलने एकच बिल दिले आणि त्याचे दहा सारखे भाग झाले. म्हणजे न पिणारीने पिणारीचे पैसे भरले! पेयांचे बिल ज्याचे त्याने द्यायचे, हे टेबल राखून ठेवतानाच सांगितले असते तर कोणाला वाईट वाटण्याचे कारण नव्हते.

आता काही कारागीर विचारतील, यात आपला संबंध काय? संबंध आहे. या पार्टीत नवरीच्या खांद्यावर साटीनचा पट्टा आणि मैत्रिणींना सारखे कपडे, ही रीतच आहे. आपल्याकडेही मेंदी-हळदीला सारख्या ओढण्यांची मागणी येऊ लागली आहे. कशिदा, गोटा, रंगाई हे काम आपल्याच मोहल्ल्यांत होते. पण हा माल तारखेचा आहे. रविवार उलटला की त्याला कोणी विचारत नाही, म्हणून अर्धी रक्कम आधी घेतल्याशिवाय सुई लावू नये.

हे मी अनुभवाने सांगतो. भाचीसाठी मीच बारा ओढण्या इथून करून नेल्या होत्या, प्रत्येकीवर मुलीचे नाव रेशमाने काढलेले. गळालेल्या दोघींच्या ओढण्या परत आणल्या. कारागिराने नावे उसवून पाहिली, पण शिफॉनवर सुईची भोके तशीच दिसतात. दोन्ही दुकानात वरच्या फळीवर पडून आहेत.