साखळी की अंतिम सामना?

प्रो कबड्डीच्या २०२५ च्या हंगामात पुणेरी पलटणने साखळीत अग्रस्थान मिळविले. परंतु ३१ ऑक्टोबर रोजी दिल्लीत झालेल्या अंतिम सामन्यात दबंग दिल्लीने तिचा ३१-२८ असा पराभव केला. तीन गुणांनी हुकलेल्या विजेतेपदाची हळहळ ओसरण्यापूर्वीच एक युक्तिवाद पुढे येतो: पहिल्या क्रमांकासाठी शक्ती का वेचावी? बाद फेरीत प्रवेश निश्चित होताच प्रमुख खेळाडूंना विश्रांती द्यावी, आणि खरी झुंज अखेरीस द्यावी.

हा युक्तिवाद सर्वस्वी पोकळ नाही. २०२४ मध्ये कर्णधार अस्लम इनामदार दुखापतीमुळे मैदानाबाहेर गेला आणि त्या हंगामात पलटण आठव्या स्थानावर राहिली. अमेरिकेत सिअॅटलच्या बेसबॉल संघाने २००१ साली १६२ पैकी ११६ सामने जिंकले, तरीही तो जागतिक मालिकेपर्यंत पोहोचला नाही.

तथापि याच पलटणचा २०२३-२४ चा हंगाम वेगळी साक्ष देतो. साखळीच्या २२ सामन्यांत अवघे दोन पराभव पत्करून तिने ९६ गुण मिळविले. पहिल्या दोन संघांना थेट उपांत्य फेरीत प्रवेश असल्याने तिचा एक सामना वाचला. आणि १ मार्च २०२४ रोजी हैदराबादेत हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असे नमवून तिने विजेतेपद पटकाविले. अर्थात साखळीतील वरचे स्थान हीच बाद फेरीची पूर्वतयारी होय. विश्रांती द्यावयाची, तर ती हंगामभर आळीपाळीने द्यावी. मैदानात सात खेळाडू उतरतात, पण राखीव पाच केवळ बाकावर बसण्यासाठी नसतात. अखेरचे साखळी सामने सोडून देणे ही तिकीट काढून आलेल्या प्रेक्षकाची प्रतारणाच आहे.

हा प्रश्न व्यावसायिक संघांपुरता मर्यादित नाही. घोडकाठच्या शिरूर आणि भीमाकाठच्या दौंड तालुक्यांत यात्रा-उत्सवानिमित्त प्रकाशझोतात कबड्डीचे सामने रंगतात. ते बहुधा बाद पद्धतीचे असतात. पहिल्याच फेरीत बलाढ्य संघाशी गाठ पडली, तर वर्षभर मेहनत केलेला मुलगा चाळीस मिनिटांत घरची वाट धरतो. त्याचे गुण निवड करणाऱ्यांच्या दृष्टीस पडावे कसे? एका रात्रीच्या बक्षिसासाठी दुखरा गुडघा बांधून उतरण्याचा मोहही याच पद्धतीतून उद्भवतो.

म्हणून दोन्ही तालुक्यांतील मंडळांनी आणि आश्रयदात्यांनी बक्षिसाच्या रकमेचा काही भाग बाजूला काढून हिवाळ्यात दोन महिन्यांची साखळी स्पर्धा भरवावी, तीतील अग्रस्थानास स्वतंत्र मानचिन्ह द्यावे, आणि मगच अंतिम सामना खेळवावा, असे आम्ही आग्रहाने सुचवितो. अंतिम सामन्याचा थरार कोणास नको आहे? परंतु त्या थरारास लायक खेळाडू साखळीतच तयार होतात, याचा विसर पडता कामा नये.