पेशींचे थेट रूपांतर : ओळख पटविण्याचा प्रश्न

पार्किन्सन आजारात नष्ट होणाऱ्या चेतापेशी मेंदूतील आधारपेशींपासून पुन्हा घडविता येतील काय, या प्रश्नाचे उत्तर २०२० मध्ये होकारार्थी मिळाल्यासारखे वाटले होते. पीटीबी हे प्रथिन घटविल्यास उंदरांच्या मेंदूतील ॲस्ट्रोसाइट या आधारपेशींच्या चेतापेशी होतात व त्यांच्या हालचाली सुधारतात, असे कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगो येथील संशोधकांनी 'नेचर'मध्ये जाहीर केले. वर्षभरातच अमेरिकेतीलच डॅलस येथील संशोधकांनी त्याला हादरा दिला.

त्यांची पद्धत साधी, पण निर्णायक होती. प्रयोगापूर्वीच ॲस्ट्रोसाइट पेशींवर कायमस्वरूपी जनुकीय खूण करण्यात आली. रूपांतर खरोखर झाले असते, तर 'नव्या' चेतापेशींतही ती खूण आढळावयास हवी होती. ती आढळली नाही. विषाणूवाहकातून सोडलेले चमकणारे प्रथिन मुळातच तेथे असलेल्या चेतापेशींत प्रकट झाले होते. थोडक्यात, जुन्याच रहिवाशांना नवे समजण्यात आले.

याचा अर्थ थेट रूपांतर ही कल्पनाच खोटी, असा नव्हे. मायो-डी या एकाच जनुकामुळे उंदराच्या फायब्रोब्लास्ट पेशी स्नायूपेशींच्या मार्गाला लागतात, हे १९८७ मध्ये सिद्ध झाले. २०१० मध्ये स्टॅनफर्ड येथे तीन जनुकांच्या साहाय्याने फायब्रोब्लास्टपासून चेतापेशी तयार करण्यात आल्या. काचपात्रात सुरुवातीची पेशी कोणती, हे ठाऊक असते; जिवंत मेंदूत मात्र तेच सिद्ध करावे लागते.

तथापि काचपात्रातील यशही पूर्ण नसते. पेशींच्या जनुकीय जाळ्याची तुलना करणाऱ्या 'सेलनेट' या संगणकीय पद्धतीने २०१४ मध्ये असे दाखविले, की थेट रूपांतरित पेशी आपली जुनी ओळख पुरती पुसत नाहीत. यकृतपेशी म्हणून घडविलेल्या पेशींत आतड्याच्या पेशींचे गुण आढळले व त्या उंदराच्या मोठ्या आतड्यात रुजल्या. केवळ आकार आणि दोन-चार दर्शक प्रथिने पाहून पेशीला नाव देणे किती धोक्याचे, हे यातून स्पष्ट होते.

गंमत अशी, की ही न पुसलेली स्मृती एके ठिकाणी उपयोगी पडते. थेट बनविलेल्या चेतापेशी दात्याच्या वयाच्या खुणा जपतात, तर स्टेम सेलमार्गे बनविलेल्या पेशींत त्या बव्हंशी नाहीशा होतात. त्यामुळे वार्धक्यातील आजारांच्या अभ्यासासाठी त्या अधिक सोयीच्या ठरतात. रुग्णाच्या मेंदूत उपचार म्हणून त्यांचा वापर करावयाचा झाल्यास मात्र आधी खूण, मग दावा, हाच क्रम पाळावा लागेल.