पद्मिनीचे टायर : नायलॉन की रेडियल?

अण्णा गेल्यावर त्यांची १९७८ सालची प्रीमियर पद्मिनी आम्हा दोघा भावांकडे सामाईक आली. पुस्तके मी आणली, घर दादाकडे राहिले. गाडीची मात्र वाटणी होईना. ती दादाच्या अंगणात उभी असते आणि खर्च निम्मा-निम्मा होतो. इतक्या वर्षांत या सामाईकपणातून वाद असा उद्भवला नव्हता. तो यंदा टायरवरून उद्भवला. गाडी कुर्ल्याच्या कारखान्यातून नायलॉन टायरवर बाहेर पडली, तेव्हा तिला नायलॉनच हवेत, असे दादाचे म्हणणे. माझे म्हणणे रेडियलचे. मराठीच्या प्राध्यापकाने टायरवर लिहावे हे काहींना विचित्र वाटेल. परंतु जुन्या ग्रंथाची नवी आवृत्ती काढताना मूळ पाठ कुठवर राखायचा, हा जो प्रश्न आपण वर्गात चर्चेला घेतो, त्याच्याच जवळचा हा प्रश्न आहे. फरक इतकाच की वर्गात उत्तर चुकले तर कुणाच्या जिवावर बेतत नाही.

निमित्त घडले ते गेल्या पावसाळ्यात. कुंभार्ली घाट उतरताना एका ओल्या वळणावर गाडीची मागची बाजू हातभर सरकली. दादा मुरलेला चालक, त्याने सावरले. मागे वहिनी आणि पुतणी बसल्या होत्या. नंतर पाहिले तर टायरची नक्षी शाबूत होती, पण ते नऊ वर्षांचे होते आणि रबरावर बारीक भेगा पडल्या होत्या. एक गोष्ट येथेच कबूल करतो : या प्रसंगाने नायलॉन टायर दोषी ठरत नाही. नऊ वर्षांचा रेडियलही तसाच सरकला असता. टायरच्या अंगावर चार अंक कोरलेले असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन सालाचे. हौशी मंडळी ते वाचत नाहीत. जुन्या गाडीचा टायर झिजण्याआधी म्हातारा होतो, याकडे आमचेही दुर्लक्षच झाले होते.

आपण ज्याला नायलॉन टायर म्हणतो तो रचनेने बायस-प्लाय किंवा क्रॉस-प्लाय. त्यात नायलॉनच्या दोऱ्यांचे थर तिरपे घातलेले असतात, एक डावीकडे झुकलेला आणि त्यावरचा उजवीकडे. बाजेची नवार विणावी तसे. त्यामुळे टायरची बाजू आणि रस्त्याला टेकणारी नक्षी एकमेकींत बांधल्या जातात. वळणावर बाजू वाकली की नक्षीही तिच्याबरोबर मुरडते आणि रस्त्यावरचा तिचा ठसा लहान होतो. थर एकमेकांवर घासून उष्णता वाढते, झीजही लवकर होते. रेडियलमध्ये दोरे एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ आडवे जातात आणि नक्षीखाली पोलादी तारांचा पट्टा असतो. बाजू स्वतंत्रपणे वाकते, पट्टा नक्षीला सपाट धरून ठेवतो. ओल्या रस्त्यावरील पकड, ब्रेक दाबल्यावर थांबायला लागणारे अंतर, इंधन, टायरचे आयुष्य या सर्व बाबतींत रेडियल सरस ठरतो, तो या एका कारणाने. पद्मिनीच्या चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत. थांबण्याच्या बाबतीत ती आधीच मागे असताना टायरनेही तिला मागे खेचावे, हे मला पटत नाही.

तरीही नायलॉनला केवळ मागासलेपणाची खूण मानणे अन्यायाचे होईल. त्याची बाजू जाड आणि दणकट. खडी, खड्डे, क्षमतेबाहेर भरलेली माणसे आणि सामान, हे सगळे तो सोसतो. झिजला की वर नवे रबर चढवून घेता येई. रेडियलची बाजू पातळ. ती चिरली की टायर फेकावाच लागतो. नायलॉनचा आणखी एक गुण जुन्या चालकांच्या हाताला ठाऊक आहे : तो सुटतो तो हळूहळू, आधी सूचना देऊन. रेडियल अधिक वेळ धरून ठेवतो, पण सुटला की एकदम सुटतो. घाटात दादाला गाडी सावरता आली, त्यात या गुणाचाही वाटा असेल. आणि हिवाळ्यातील ती सकाळची धडधड! रात्रभर एका जागी उभ्या राहिलेल्या नायलॉन टायरचा टेकलेला भाग चपटा होतो आणि गाडी पहिले दोन-तीन किलोमीटर लंगडत जाते. टायर तापला की चाल सरळ होते. अण्णा त्याला 'म्हातारीचे गुडघे' म्हणत. रेडियल घातले की ही धडधड जाणार, याचे मलाही वाईट वाटते.

दादाचा मुद्दा अस्सलपणाचा आहे आणि तो हलका नाही. परंतु 'जुनी गाडी म्हणजे जुना टायर' हे समीकरण सरसकट खरे नाही. मिशलिनने रेडियलचे पेटंट १९४६ साली घेतले. इटलीची लान्चिया ऑरेलिया १९५० मध्ये रेडियलवरच आली, आणि १९५५ची सित्रोएन डीएस तर रेडियल गृहीत धरूनच रचलेली होती. त्या गाड्यांना आज कुणी 'जुनेपणा' म्हणून बायस-प्लाय चढवील तर तो पाठभेद नव्हे, पाठभ्रष्टता होईल. आमची पद्मिनी वेगळी. ती मूळची फियाट ११००, तिचे मूळ माप ५.२०-१४, म्हणजे टायरची रुंदी ५.२० इंच आणि रिम १४ इंचांची. तिच्या स्टिअरिंगचा हलकेपणा, तिच्या स्प्रिंगांचा मऊपणा, हे सारे त्या अरुंद, उंच टायरशी जुळवून घेतलेले आहे. म्हणून माझा आग्रह वाटेल त्या रेडियलचा नाही. १५५/८० आर १४ या मापाचा व्यास सुमारे ६०४ मिलीमीटर भरतो, तो मूळ टायरच्या जवळपास आहे. हे माप न मिळाल्यास १६५/८०चा विचार करता येईल, अर्थात जुन्या अरुंद रिमला तो मानवतो का हे पाहून. काही हौशी मंडळी मात्र १६५/६० सारखे बुटके टायर घालतात. तेथे व्यास ५ सेंटिमीटरने घटतो, वेगाचा काटा खरा वेग सोडून जवळजवळ ९ टक्के जास्त दाखवतो, आणि बिचारी पद्मिनी दुसऱ्याचे बूट घातल्यासारखी दिसते.

आपल्या क्षेत्रातले उदाहरण घ्यायचे तर, साहित्य महामंडळाच्या १९६२च्या लेखननियमांनी अनुच्चारित अनुस्वार काढून टाकले. त्याआधीचे पुस्तक पुन्हा छापताना ते ठेवावेत की गाळावेत? अभ्यासकांसाठीच्या आवृत्तीत मी ते ठेवीन. वर्गात वाचायच्या आवृत्तीत गाळीन, मात्र प्रस्तावनेत तसे नमूद करीन. गाडीलाही हाच न्याय लावतो. प्रदर्शनात उभी राहणारी, ट्रकवर चढून जाणारी पद्मिनी असेल तर तिला नायलॉनच शोभतील, आणि तेथे मी दादाच्या बाजूने मत देईन. आमची पद्मिनी चिपळूणला जाते. तिच्यात माणसे बसतात. यंदा पुतणी तिच्यावर गाडी शिकणार आहे. अनुस्वाराची उपमा येथे संपते.

अमेरिकेतील चॅटानूगाच्या कोकर टायरसारखे उत्पादक आतून रेडियल पण दिसायला हुबेहूब बायस-प्लाय असे टायर बनवतात. पुष्कळांना हा सुवर्णमध्य वाटतो. मला त्यात मौन संपादनाचा वास येतो. बदल करायचा तर तो दिसू द्यावा. गाडीच्या वहीत तारखेसह लिहावा. अण्णांनी प्रत्येक ऑइल बदलाची नोंद केलेली वही अजून आमच्याकडे आहे. तिच्यात 'रेडियल घातले' अशी ओळ आली तर अण्णांचा अपमान होईल असे मला वाटत नाही.

व्यवहाराचे थोडे. रेडियल पकड जास्त घेतो म्हणून जुन्या रिमवर ताणही जास्त टाकतो; रिमला तडे नाहीत हे आधी तपासून घ्यावे, आणि ट्यूब रेडियलसाठीचीच असावी. रेडियलच्या बाजूला खाली फुगवटा दिसतो. तो पाहून 'हवा कमी आहे' म्हणत जास्त हवा भरण्याचा मोह अनेकांना होतो, तो टाळावा. थांबल्या जागी स्टिअरिंग थोडे जड लागेल. सर्वांत महत्त्वाचे, दोन्ही जाती एकत्र करू नयेत. एका दुकानदाराने आम्हाला सुचवले होते, "सर, आत्ता पुढचे दोन रेडियल टाका, मागचे नंतर बघू." हा सल्ला स्वस्त वाटतो, पण तो घातक आहे. पुढची चाके वळणात धरून ठेवणार आणि मागची आधी सुटणार, म्हणजे कुंभार्लीत जे हातभर सरकले ते गाडीभर सरकणार.

शेवटी दादाने चार रेडियलना होकार दिला. माझ्या युक्तिवादाने नव्हे. पुतणी शिकणार म्हटल्यावर वहिनींनी विषय एका वाक्यात संपवला. मात्र डिकीतल्या स्टेपनीला त्याने हात लावू दिलेला नाही. तेथे अजून अण्णांच्या हातचा जुना नायलॉन आहे. पंक्चर झाले तर तो कोणत्या चाकाला लावणार, असे मी विचारले. "नाही लावणार," दादा म्हणाला, "तुला फोन करीन."