आत्याला काय झाले होते?

आमच्या घरी आत्याच्या आजाराला नाव नव्हते. ‘गाठ झाली होती’ एवढेच म्हणत, तेही आवाज उतरवून. ती ४२व्या वर्षी गेली. मागे एका आरोग्य-व्याख्यानात बाईंनी आम्हां मुलींना विचारले, “आई, आजी, मावशी यांपैकी कुणाला स्तनाचा कर्करोग?” आत्या त्यांच्या यादीतच नव्हती!

माझी तक्रार इथेच आहे. १९९४ साली सापडलेले ‘बीआरसीए-१’ आणि पुढच्या वर्षीचे ‘बीआरसीए-२’ या जनुकांतील दोष वडिलांकडूनही येतो. ज्याच्या अंगी तो असेल त्याच्या प्रत्येक अपत्याला, मुलगा असो वा मुलगी, तो मिळण्याची शक्यता निम्मी. वडील स्वतः ठणठणीत असले तरीही. असे आनुवंशिक रोगी शंभरांत पाच-दहाच. तेव्हा घाबरण्याचे कारण नाही, विचारण्याचे मात्र आहे. कुणाला झाला, कितव्या वर्षी, बीजांडकोशाचा कर्करोग कुणाला होता का? तपासणी केव्हा सुरू करायची हे डॉक्टर त्यावरूनच ठरवतात. व्याख्यानात हे प्रश्न आधी शिकवावेत. तक्ते, चित्रे मागाहून.

दिवाळीच्या सुट्टीत मी बाबांना विचारले. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “माझ्या आईलाही बहुधा तेच होते.”