दृढीकरण म्हणजे निरोप समारंभ नव्हे

थोडं लांब लिहितोय, पण वसईतल्या कॅथलिक आईबापांनी आणि विशेषतः पॅरिश कौन्सिलवाल्यांनी शेवटपर्यंत वाचावं. राग आला तर कमेंटमध्ये या, इनबॉक्समध्ये नको.

आगाशीपासून पापडीपर्यंत कुठल्याही धर्मग्रामात जा, चित्र एकच. पहिल्या कम्युनियनला पांढरे ड्रेस, फोटोग्राफर, हॉलमध्ये जेवण. मग सात-आठ वर्षं रविवारचे धर्मशिक्षणाचे वर्ग. मग बिशप महोदय येतात, दृढीकरण होतं, पुन्हा फोटो, पुन्हा जेवण. आणि पुढच्या रविवारपासून पोरं गायब. मिस्साला आलीच तर चर्चच्या मागच्या भिंतीला टेकून, मोबाइल खिशातून अर्धा बाहेर. ज्या संस्काराचा अर्थ 'आता तू श्रद्धेत मोठा झालास' असा आहे, तो आपण 'आता तू सुटलास' असा करून ठेवलाय.

यावर आपल्याकडे ठरलेलं उत्तर आहे: मोबाइलनं पोरं बिघडली. मंडळी, मोबाइल तर सगळ्यांच्याच हातात आहे. फादरांच्या, सिस्टरांच्या, तुमच्या-आमच्या. मोबाइलनं पोरांना बिघडवलं नाही, त्यांना प्रश्न दिले. उत्तरं द्यायची जबाबदारी आपली होती, ती आपण टाळली.

हे प्रश्न कुठून येतात ते बघा. एका बाजूनं यूट्यूबवरचे पास्टर. 'तुम्ही मरीयेची पूजा करता, पुतळ्यांपुढे मेणबत्त्या लावता, बायबलात हे कुठे आहे?' दुसऱ्या बाजूनं कॉलेजच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरचा मित्र. 'तुम्ही कधी बाटलात रे? तांदळाच्या गोणीवर का?' तिसरीकडे विज्ञान घेतलेली बहीण: 'आदाम-एवा खरंच होते का?' आणि चौथा प्रश्न, जो पोरं घरात विचारतच नाहीत, तो चर्चमधल्या लैंगिक अत्याचारांच्या बातम्यांचा. हे चारही प्रश्न पंधरा वर्षांच्या पोराच्या डोक्यात एकाच आठवड्यात येतात. आणि रविवारी वर्गात त्याला विचारतात, 'संस्कार किती? सात. पाठ म्हणून दाखव.'

पत्रकारितेच्या डिप्लोमात पहिल्याच आठवड्यात आम्हाला कोण, काय, कुठे, कधी, का, कसं हे शिकवलं होतं. आपलं धर्मशिक्षण कोण, काय, कुठे, कधी एवढ्यावर थांबतं. 'का' आला की 'हे गूढ आहे बाळा, पुढचं पान उघड.' गूढ आहे, मान्य. पण गूढ म्हणजे विचारायची बंदी नव्हे. दोन हजार वर्षं मोठमोठी माणसं याच गूढावर भांडली, लिहीत बसली, परिषदा भरवल्या. तो सगळा ठेवा कपाटात आणि पोरांच्या हातात प्रश्नोत्तरांची चोपडी.

उदाहरणं देतो, नाहीतर म्हणाल नुसतीच टीका करतो.

मरीयेचा प्रश्न घ्या. उत्तर अजिबात अवघड नाही. इसवी सन ७८७ मध्ये निकियाच्या दुसऱ्या परिषदेत नेमका हाच वाद झाला होता, प्रतिमांचा मान ठेवावा की नाही. निर्णय असा झाला, की आराधना फक्त देवाची. मरीया, संत आणि त्यांच्या प्रतिमा यांना मान द्यायचा, आणि प्रतिमेला दिलेला मान ती ज्याची आहे त्याला पोचतो. आपण मरीयेला 'आमच्यासाठी विनंती कर' म्हणतो. ज्याच्याकडे विनंती करायची तो वेगळा, हे त्या वाक्यातच आहे. आजीच्या फोटोला हार घालणारा माणूस कागदाची पूजा करत नाही, हे महाराष्ट्रातल्या पोराला समजवायला किती वेळ लागतो? पाच मिनिटं. पण ती पाच मिनिटं कोणी देत नाही, म्हणून पोरगी घरी येऊन आजीला म्हणते, 'आजी, तू मूर्तिपूजा करतेस.' आजी बिचारी साठ वर्षं माळ म्हणतेय. तिला या आरोपाचं उत्तर कोण देणार?

ख्रिस्तप्रसादाचं तर आपण वाटोळंच केलंय. मी स्वतः वर्गात शिकवणाऱ्या चांगल्या, कळकळीच्या बाईंना 'ते प्रतीक आहे' असं सांगताना ऐकलंय. बाई, कॅथलिक चर्च असं म्हणत नाही. आपण म्हणतो, ती भाकर भाकर राहत नाही. दिसायला, चवीला, वजनाला तीच राहते, लॅबमध्ये नेली तरी भाकरच निघेल, हे चर्च कधीच नाकारत नाही. ती 'काय आहे' ते बदलतं. १२१५ च्या लॅटरन परिषदेनं त्यासाठी शब्दसुद्धा दिला. पटायला कठीण आहे? आहेच. योहानाच्या शुभवर्तमानाचा सहावा अध्याय काढा. येशूनं हे सांगितल्यावर बरेच शिष्य, हे फार कठीण आहे असं म्हणून निघून गेले. त्यानं त्यांना मागे बोलावून 'अरे, मी प्रतीक म्हणालो' अशी सारवासारव केली नाही. पोरांना ही गोष्ट सांगा. विश्वास ठेवायचा की नाही ते ठरवतील, पण निदान कशावर ठेवायचा ते तरी कळेल. पातळ केलेल्या ताकासाठी कोण रांग लावतं?

आणि जे बदलू शकतं आणि जे बदलू शकत नाही, यातला फरक सांगा. फादर लग्न का करत नाहीत, हा पोरांचा हमखास प्रश्न. उत्तर म्हणून 'येशूनं केलं नव्हतं म्हणून' एवढंच मिळतं. खरं असं, की ही लॅटिन चर्चची शिस्त आहे, बाराव्या शतकात तिचा पक्का कायदा झाला. युक्रेनच्या ग्रीक कॅथलिक चर्चमध्ये आजही लग्न झालेले धर्मगुरू आहेत, आणि तेही रोमच्या पोपनाच मानतात. म्हणजे हा नियम आहे, सिद्धांत नाही. पोप चुकूच शकत नाहीत का, हा दुसरा प्रश्न. चुकू शकतात. पोप सकाळी काय बोलले, क्रिकेटबद्दल, राजकारणाबद्दल, ते सगळं अचूक असतं असं चर्चनं कधी म्हटलेलं नाही. १८७० ची व्याख्या फार अरुंद आहे. त्यानंतर ती उघडपणे वापरली गेली ती १९५० मध्ये, मरीयेला देहासह स्वर्गात घेतलं गेलं या शिकवणीसाठी. तोच आपला १५ ऑगस्टचा सण. झेंडावंदन करून मिस्साला पळणाऱ्या आपल्या किती पोरांना हे माहीत आहे?

उपवासकाळातला एक प्रश्न मला फार आवडतो, नववीतल्या एका मुलानं विचारला होता. 'शुक्रवारी मटण नाही, पण पापलेट चालतं. पापलेट मटणापेक्षा महाग आहे. मग हा उपास कसला?' वर्गात हशा झाला आणि त्याला गप्प बसवलं. अरे, वर्गातला सगळ्यात हुशार पोरगा तोच! नियम इतकाच आहे, की चौदा वर्षं पूर्ण झाली की मांस वर्ज्य, आणि राखेचा बुधवार नि गुड फ्रायडेचा पूर्ण उपास अठरापासून साठीला लागेपर्यंत. मासे चालतात, कारण नियम मांसाबद्दल आहे. पण नियमामागचा हेतू त्याग. तेव्हा तळलेल्या पापलेटवर ताव मारून नियम पाळला जातो, हेतू नाही. असं त्या पोराला सांगितलं असतं तर त्यानं घरी जाऊन आईला शुक्रवारी डाळ-भात मागितला असता. कदाचित. निदान विचार तरी केला असता.

विज्ञानाबद्दल तर लाज वाटावी अशी अवस्था आहे. महास्फोटाचा सिद्धांत मांडणारे जॉर्ज लमेत्र हे बेल्जियमचे कॅथलिक धर्मगुरू. वाटाण्यांवर प्रयोग करणारा मेंडेल ऑगस्टिनियन मठातला. उत्क्रांतीच्या अभ्यासाला पोप पायस बारावे यांनी १९५० मध्येच दार उघडं ठेवलं. आपल्या मुलांना मात्र वाटतं, सायन्स घेतलं की चर्च सोडावं लागतं. आणि हो, गॅलिलिओही सांगा. १६३३ मध्ये चर्चनं त्याला दोषी ठरवलं, आणि तो अन्याय होता हे मान्य करायला १९९२ साल उजाडलं. आपल्या चुका आपण सांगितल्या तर पोरं आपलं बाकीचं ऐकतात. दुसऱ्याकडून कळल्या तर आपलं काहीच ऐकत नाहीत.

आता 'तुम्ही कधी बाटलात' हा प्रश्न. यावर आपल्याकडे एकतर चिडतात नाहीतर खाली मान घालतात. दोन्ही नको. वसई १५३४ ते १७३९ पोर्तुगीजांकडे होती. त्या काळात सत्ता आणि धर्म हातात हात घालून चालले, जबरदस्ती झाली, आमिषं झाली, गोव्यात इन्क्विझिशन १५६० पासून मधला छोटा खंड सोडला तर १८१२ पर्यंत होतं. हे आपल्या वर्गात शिकवलं पाहिजे, आपल्याच तोंडून. पण पुढचंही शिकवा. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी किल्ला घेतला, पोर्तुगीज गेले. कुपारी, वाडवळ, कोळी, आपले पूर्वज इथेच राहिले आणि ख्रिस्तीही राहिले. आता डोक्यावर कुठली पोर्तुगीज तलवार होती? पावणेतीनशेहून जास्त वर्षं जी श्रद्धा माणसं मराठी सत्तेत, इंग्रजी सत्तेत आणि स्वतंत्र भारतात स्वखुशीनं जपतात, तिला गोणीचा हिशोब लावता येत नाही. याच मातीतला गोन्सालो गार्सिया १५९७ मध्ये नागासाकीला क्रुसावर गेला, १८६२ मध्ये संत झाला. त्याच्या सणाला आपण बँड लावतो. तो कोण होता ते पोरांना विचारून बघा एकदा.

चौथ्या प्रश्नावर बोलताना आवाज खाली जातो, म्हणून मी तो मुद्दाम वर काढतो. जगभर धर्मगुरूंनी मुलांवर अत्याचार केले आणि वरिष्ठांनी ते झाकले. हे झालंय. २०१९ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी तक्रार आणि चौकशीचे नियम सगळ्या चर्चसाठी बंधनकारक केले. आपल्या देशात २०१२ चा पॉक्सो कायदा आहे. असा गुन्हा कळला की पोलिसांना कळवणं प्रत्येकाला सक्तीचं आहे, झगा घातलेल्यालाही. हे वर्गात सांगितलं तर 'चर्चची बदनामी' होते म्हणे. मुलांना हे माहीत नसणं ही त्यापेक्षा मोठी बदनामी आहे. ज्या वर्गात या विषयावर बोलायची सोय नाही, तिथे पापनिवेदनाचं महत्त्व कुठल्या तोंडानं शिकवणार?

भाषेचंही बोललं पाहिजे. फादर फ्रान्सिस दिब्रिटोंनी बायबल सोप्या मराठीत आणलं, हरित वसईसाठी रस्त्यावर उतरले, साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. आपण अभिमानानं फ्लेक्स लावले. आणि घरात? पोरगं इंग्रजी मीडियमचं, धर्मशिक्षण इंग्रजीत, आजीची प्रार्थना मराठीत, घरचं बोलणं कादोडीत किंवा वाडवळीत. श्रद्धेचे शब्द त्याला एका भाषेत पाठ आहेत आणि दुसऱ्या भाषेत तो रडतो-हसतो. मनापासून प्रार्थना करायची तर कुठल्या भाषेत, हे त्याला ठरवताच येत नाही.

चारशे वर्षांपूर्वी फादर थॉमस स्टीफन्सना हे कळलं होतं. साष्टीत रविवारी धर्मशिक्षण व्हायचं. नवख्रिस्ती लोक म्हणू लागले, शिकवण चांगली आहे, पण आमची पुराणं गेली, त्या जागी आम्हाला काही द्या. १६१६ मध्ये ख्रिस्तपुराण छापून आलं, मराठी ओव्यांत, दहा हजारांहून जास्त. विद्यार्थ्यांची तक्रार ऐकून एका इंग्रज माणसानं मराठीत महाकाव्य लिहिलं. आपण विद्यार्थ्यांची तक्रार ऐकून काय करतो? पालकांना फोन.

मला माहीत आहे, शिकवणाऱ्या बायका-पोरी बिनपैशात रविवारची सकाळ देतात. माझा राग त्यांच्यावर नाही. त्यांना चोपडी देऊन वर्गात ढकलणाऱ्यांवर आहे. २०२१ मध्ये पोप फ्रान्सिसनी धर्मशिक्षकाला चर्चमधलं अधिकृत सेवापद दिलं. आपल्याकडे अजूनही 'कोणी मोकळं आहे का?' अशी निवड होते. फेस्ताच्या मंडपाला, बँडला, आतषबाजीला पावती पुस्तकं फिरतात. शिकवणाऱ्यांच्या दहा दिवसांच्या प्रशिक्षणाला, मराठी पुस्तकांच्या एका कपाटाला पैसे नसतात. (आणि कार्लो अकुतिसचं पोस्टर लावलं की तरुणांचं काम झालं, असंही समजू नका. जीन्स घातलेला संत चांगलाच आहे, पण तोही पंधराव्या वर्षी ख्रिस्तप्रसादावर स्वतः शोधून, वाचून वेबसाइट करत होता. त्याला कोणी चोपडी पाठ करायला लावली नव्हती.)

जूनमध्ये वर्ग सुरू होतात. तीन गोष्टी मागतो. एक, आठवीपासून पुढच्या प्रत्येक वर्गात प्रश्नांची पेटी, नाव न लिहिता, आणि महिन्यातून एक रविवार फक्त त्या पेटीसाठी. फादर स्वतः बसतील, उत्तर येत नसेल तर 'पुढच्या वेळी वाचून सांगतो' म्हणतील. दोन, पाठांतराची परीक्षा बंद. तीन, यंदाच्या फेस्ताच्या हिशोबात धर्मशिक्षणाचा वेगळा रकाना, आणि तो चर्चच्या फळ्यावर लावा.

कुठल्या धर्मग्रामात हे आधीच चालू असेल तर खाली लिहा. येऊन बघेन, फोटो काढेन, बातमी करेन.