काल तर चालत होतं!

आमच्या धंद्यात एक वाक्य दिवसातून चारदा तरी ऐकू येतं. "काल तर चालत होतं!" त्याच्या पाठोपाठ दुसरं, "मी काहीच बदललेलं नाही." मग तासभर डोकं खाजवल्यावर कळतं की काहीतरी बदललेलं असतंच. मध्यंतरी ही दोन्ही वाक्यं मी आईच्या तोंडून ऐकली. आणि विषय होता, अक्षरशः, डोकं खाजवण्याचा.

आई रांजणगावला असते. हो, तेच अष्टविनायकातलं, महागणपतीचं. पुण्याहून नगर रस्त्याने पन्नासेक किलोमीटर. एका बाजूला देऊळ, दुसऱ्या बाजूला एमआयडीसी. मी खराडीला नोकरी करतो आणि एकाआड एक शनिवारी वाघोलीच्या ट्रॅफिकला शिव्या घालत घरी जातो.

तर एका सोमवारी आईचा फोन. "आरं, डोकं लई खाजतंय. कोंडा झालाय वाटतं."

आता मी पडलो इंजिनियर, म्हणजे जगातल्या सगळ्या विषयांतलं मला कळतंच! ताबडतोब सल्ला दिला. शॅम्पू बंद कर, त्यात केमिकल असतं. खोबरेल तेल कोमट करून त्यात लिंबू पिळ, रात्रभर डोक्याला ठेव आणि सकाळी शिकेकाईने न्हा. चार दिवसांनी विचारलं तर म्हणे, आग होते. मग म्हटलं दही आणि मेथी लाव. तेही जमेना, तेव्हा कडुनिंबाचा पाला उकळून त्या पाण्याने धुवायला सांगितलं. पंधरवड्यात तीन उपाय. खाज हळूहळू कमी झाली आणि मी स्वतःची पाठ थोपटून घेतली.

पुढे दोन आठवड्यांनी, एका शनिवारी घरी गेलो तर आईच्या पापण्या सुजून डोळे निम्मे मिटलेले. कपाळाच्या कडेने लाल चट्टे, कानामागे पाणी सुटलेलं. "मला फोन का नाही केलास?" तर म्हणे, "तू कामात असतो. काय नाय, हुईल बरं." दोन रात्री ओलं फडकं डोळ्यावर ठेवून काढल्या होत्या तिने. माझ्या घशाशी आलं. तसाच गाडीत घालून शिरूरला त्वचारोगाच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेलो.

बाईंनी पहिला प्रश्न विचारला, जो मी महिनाभरात एकदाही विचारला नव्हता. "केसांना काय काय लावता?"

"काही नाही हो. मेंदी फक्त. नैसर्गिक आहे."

"रंग कुठला येतो?"

"काळा."

बाई हसल्या. म्हणाल्या, पाकीट घेऊन या.

मेंदीच्या पानात लॉसोन नावाचं रंगद्रव्य असतं आणि त्याचा रंग येतो नारिंगी-तांबडा. आपण हातावर मेंदी काढतो तेव्हा तो पाहतोच की! नुसत्या मेंदीने पांढरे केस काळेभोर होत नाहीत. काळा रंग हवा तर त्यात दुसरं काहीतरी पडावं लागतं. ते 'दुसरं काहीतरी' निळीची पानं असू शकतं. पण अर्ध्या तासात काळा रंग देणाऱ्या अनेक 'मेंदी'च्या पाकिटांत पॅराफेनिलीनडायअमीन, थोडक्यात पीपीडी, हे रसायन असतं. अमेरिकेतल्या त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2006 साली त्याला 'वर्षातलं ॲलर्जीकारक' म्हणून जाहीर केलं होतं. आईच्या पाकिटावर पुढच्या बाजूला हिरवी पानं होती. मागच्या बाजूला, मुंगीच्या पावलाएवढ्या अक्षरांत, पीपीडी.

"अहो, पण दहा वर्षं लावतेय मी. काहीच झालं नाही कधी!" आई म्हणाली. काल तर चालत होतं...

या ॲलर्जीची खोड अशी की ती पहिल्याच वेळी येईल असं नाही. शरीर त्या रसायनाशी ओळख करून घेतं, वर्षानुवर्षं गप्प बसतं आणि एखाद्या दिवशी ठरवतं की बस्स. एकदा ठरवलं की मग दर वेळी. शिवाय लावल्याबरोबर त्रास होत नाही, एक-दोन दिवसांनी होतो, त्यामुळे संशय मेंदीवर जातच नाही. आणि गंमत म्हणजे पुष्कळदा डोक्याच्या कातडीपेक्षा पापण्या, कान आणि कपाळ यांनाच जास्त भोगावं लागतं. मी घरी येऊन तारखा जुळवल्या. पहिला फोन सोमवारी, मेंदी शनिवारी. सूज शनिवारी दिसली, मेंदी गुरुवारी, भाचीच्या हळदीसाठी. मधल्या काळात खाज कमी झाली ती माझ्या कडुनिंबाने नव्हे, तर मधे मेंदी लावली नव्हती म्हणून. लॉग समोर पडलेला होता, मी उघडलाच नव्हता. वर सोललेल्या कातडीवर लिंबू पिळायला लावलं. हे लिहितानासुद्धा लाज वाटते.

आता माझं मत. 'नैसर्गिक की केमिकल' हा प्रश्नच चुकीचा आहे. बिब्बा शंभर टक्के नैसर्गिक आहे, कातडीवर उतला की काय होतं ते घरातल्या म्हाताऱ्यांना विचारा. खाजकुयली तर रानात फुकट मिळते! निसर्गाला आपल्या टाळूची काही पडलेली नाही. विचारायचा प्रश्न असा की खाज कशाने येते आहे?

खरोखर कोंडाच असेल तर त्यामागे बहुतेकदा मालासेझिया नावाची यीस्ट असते. ती सगळ्यांच्याच डोक्यावर राहते आणि कातडीच्या तेलावर जगते. स्वतःपुरती स्निग्धाम्लं तिला बनवता येत नाहीत, बाहेरून लागतात. म्हणजे कोंडा झालाय म्हणून रात्रभर तेल चोपडून ठेवणं हे पाहुण्याला हाकलण्याऐवजी ताट वाढण्यासारखं झालं. (कोरड्या केसांना तेल चांगलंच, मी तेलाच्या विरोधात नाही.) अशा कोंड्यावर किटोकोनॅझोलचा शॅम्पू चालतो, पण लावून लगेच धुवायचा नाही, चारपाच मिनिटं राहू द्यायचा. हे पुष्कळ जण करत नाहीत आणि मग औषधाला नावं ठेवतात.

उवा असतील तर फणी फिरवून पाहा. आधी लाज वाटते, पण शाळेत जाणारं पोर घरात असेल तर ही शक्यता सगळ्यात आधी तपासावी. जाड, चंदेरी खपल्या असतील तर ते सोरायसिस असू शकतं, आणि ते काम डॉक्टरांचं.

मग शिकेकाई-रिठा टाकून द्यायचे का? मुळीच नाही. ती धुण्याची साधनं आहेत, त्या कामात चांगली आहेत. आमच्या बोअरचं पाणी जड, किटलीत पांढरा थर धरतं. अशा पाण्यात साबणाचा कॅल्शियमशी संयोग होऊन चिकट साका होतो आणि तो केसांत बसतो. रिठ्यातल्या सॅपोनिनचा तसा साका होत नाही. आजीला हे रसायनशास्त्र ठाऊक नव्हतं, पण अंगाच्या वडीने केस धुतले की ते चिकट होतात हे तिला पक्कं ठाऊक होतं. तिचा अनुभव खराच होता. चूक आपण करतो, धुण्याच्या वस्तूकडून औषधाचं काम मागतो.

एवढ्या प्रकरणातून मी घेतलेले धडे अगदी साधे आहेत. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि तिला दोनतीन आठवडे द्या. मी पंधरा दिवसांत तीन बदल केले, ऑफिसात ज्युनिअरने असं केलं असतं तर मीच त्याला झापलं असतं. दुसरं, आधी काय लावताय ते बंद करा, मग नवीन लावा. तिसरं, केसांचा रंग कुठलाही असो, कानामागे थोडासा लावून दोन दिवस थांबा. डायच्या खोक्यावर ही सूचना छापलेली असते, आपण ती वाचत नाही. आणि पापण्या सुजल्या, पाणी सुटलं किंवा केस चकत्यांनी जायला लागले तर फोनवर मुलाला विचारू नका!

आईची सूज औषधाने आठवड्याभरात उतरली. काळा रंग कायमचा बंद. त्याचं तिला वाईट वाटलं, ते मला आधी कळलंच नाही. "गावात एकदम म्हातारी दिसायला लागले मी," असं एकदा भाकरी थापताना म्हणाली. त्यावर माझ्याकडे काही उपाय नव्हता. आता मुळाकडून चार बोटं पांढरं आलंय. नुसत्या मेंदीच्या पानांची पूड कानामागे लावून दोन दिवस पाहून झाली, काही झालं नाही, तर तेवढी कधीमधी लावते. रंग तांबूस येतो. शेजारच्या काकू चिडवतात.

त्याच काकूंनी गेल्या वेळी मला अंगणात गाठलं. "इंजिनियर, माझं पण डोकं खाजतंय बघ, काय लावू?" मी तोंड उघडणार तेवढ्यात ओसरीवरून आई म्हणाली, "लावायचं नंतर. आधी काय काय लावती ते सांग."