दहा कोंबड्या आणि शंभरांची कुपी

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. पौष महिन्यात आठवीच्या वर्गातील एक मुलगी सलग चार दिवस शाळेत आली नाही. पाचव्या दिवशी आली तेव्हा तिच्यापाशी कंपासपेटी नव्हती आणि सहलीची वर्गणीही नव्हती. कारण विचारले असता मान खाली घालून ती एवढेच म्हणाली, "बाई, आमच्या कोंबड्या मेल्या." वर्गात हशा पिकला. खोटे कशाला सांगू, मलाही हसू आवरावे लागले. परंतु त्याच सायंकाळी लोधीपुऱ्यातील तिच्या घरावरून जाताना अंगणात पालथे पडलेले रिकामे डालगे मी पाहिले आणि त्या हसण्याची मला लाज वाटली. अकरा कोंबड्या आणि दोन कोंबडे सहा दिवसांत गेले होते. तिची आई ओसरीवर बसली होती. "बाई, ती माझी पेटी होती," असे ती म्हणाली. पेटी म्हणजे तिजोरी, हे कळायला मला क्षणभर वेळ लागला.

माझे माहेर पेडण्याकडचे. आमच्या बोलीत कोंबडीला कोंबी आणि खुराड्याला गूड म्हणतात. सकाळी उठून गुडाची फळी काढणे हे लहानपणी माझे काम होते. तेव्हा मला वाटे की कोंबडी पाळणे म्हणजे काहीच न करणे: ती आपले आपण चरते, आपण अंडी उचलावी. अजूनही पुष्कळ सुशिक्षित मंडळींचा समज असाच आहे. या समजुतीमुळेच अंगणातल्या कोंबडीविषयी कोणी गंभीरपणे बोलत नाही. गाईविषयी बोलतात, केळीविषयी तर आपल्या बऱ्हाणपुरात आठही प्रहर बोलतात. कोंबडी मात्र थट्टेचा विषय ठरते.

वस्तुस्थिती काय आहे ती पाहा. गावठी कोंबडी बारा-पंधरा अंडी देते आणि मग खुडूक होते. एकवीस दिवस ती अंड्यांवर बसते. दिवसातून एकदा दाणा-पाण्यापुरती उठते तेवढीच. पिल्ले निघाल्यावर त्यांना घेऊन दोन-तीन महिने हिंडते. या काळात अंडी नाहीत. त्यामुळे वर्षाकाठी तिची अंडी साठ-सत्तरीच्या आसपासच भरतात. मोठ्या पोल्ट्रीतील पांढरी लेगहॉर्न तीनशेच्या घरात जाते हे खरे. पण तिला दाणा, दिवा, औषध आणि पिंजरा सारे विकत द्यावे लागते. आपली कोंबडी केर-कचरा, किडे-मुंग्या आणि सांडलेली ज्वारी यांवर राहते.

आता त्या पिल्लांचे पुढे काय होते? दहा निघाली तर घार दोन नेते, मांजर एक नेते, एखादे पावसाळ्यात ओलीने गारठून जाते, एखादे रक्ती हगवणीने मरते. मुंगूस रात्री आले तर खुराड्यातला हिशेबच संपतो. मुंगूस खाण्यापुरते मारीत नाही, सापडेल त्याला मारते. उन्हाळा तर आपल्याकडचा सर्वांच्या ओळखीचा आहे. कोंबडीला घाम येत नाही. चोच उघडून धापा टाकणे हाच तिचा उपाय. वैशाखातल्या दुपारी पत्र्याच्या खुराड्यात कोंबड्या कोंडणे म्हणजे त्यांना भट्टीत घालणे होय. आमच्या गल्लीतील एक आजी पत्र्यावर ओले पोते टाकतात, मातीच्या परळात पाणी ठेवतात, आणि एका खड्ड्यात चुलीची राख घालून ठेवतात. कोंबड्या त्या राखेत लोळतात आणि अंगावरच्या उवा मरतात. या आजी कधी शाळेत गेल्या नाहीत. माझ्या मते आमच्या गल्लीतील सर्वांत शास्त्रशुद्ध खुराडे त्यांचेच आहे.

शेजाऱ्यांची भांडणे वेगळी. कोंबडीला कुंपण ठाऊक नाही आणि कोथिंबिरीच्या वाफ्याइतकी मऊ माती तिला दुसरीकडे मिळत नाही. गेल्या पावसाळ्यात एका वाफ्यावरून दोन घरांचे बोलणे बंद झाले, ते दिवाळीच्या फराळालाच सुरू झाले. याविषयी मी अधिक लिहीत नाही, कारण ती कोंबडी माझी होती.

कोणी म्हणेल, सुधारित जाती आणा म्हणजे प्रश्न सुटेल. हैदराबादच्या सरकारी संशोधन संस्थेने वनराजा ही जात खास अंगणासाठी तयार केली. तिची अंडी गावठीहून जास्त, वजनही जास्त. आपल्याच प्रांतातील झाबुआच्या काळ्या कडकनाथाला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले, ही अभिमानाची गोष्ट आहे. परंतु वनराजा क्वचितच खुडूक होते, आणि कडकनाथही अंड्यांवर नीट बसत नाही. दर पिढीला पिल्ले विकत आणावी लागतात, नाहीतर गावठी कोंबडीखाली अंडी ठेवावी लागतात. २०१९ साली सांगली-कोल्हापूरकडे कडकनाथाच्या नावाने मोठमोठी आश्वासने देऊन अनेक शेतकऱ्यांचे पैसे बुडवल्याचे प्रकरण वर्तमानपत्रांत गाजले होते, ते पालकांपैकी काहींना आठवत असेल. जिच्या हाती भांडवल नाही अशा बाईच्या अंगणात, आपली पिल्ले आपण काढणारी कोंबडीच खरी लक्ष्मी, असे माझे मत आहे. ते जुनाट वाटले तरी मी बदलणार नाही.

पण ही लक्ष्मी घरात टिकत नाही. घार आणि मुंगूस यांनी आजवर कोणाचे अंगण पूर्ण रिकामे केलेले मी पाहिले नाही. ते काम मानमोडी करते.

मानमोडीची खूण खेड्यातील लहान मूलही सांगेल. कोंबडी एका कोपऱ्यात पंख पाडून उभी राहते, हिरवट-पांढरे हगते, श्वास घेताना घरघर होते. मग मान पिळवटून उलटी पडते आणि दोन-तीन दिवसांत खेळ आटोपतो. एका घरात शिरली की गल्ली धुऊन नेते. कोणी याला दृष्ट म्हणतो, कोणी देवीचा कोप. पुस्तकांत या रोगाला रानीखेत म्हणतात. १९२६ साली जावा बेटात आणि इंग्लंडातील न्यूकॅसल येथे तो ओळखला गेला, आणि त्यानंतर लवकरच कुमाऊँतील रानीखेत येथे आढळला म्हणून आपल्याकडे हे नाव पडले. एकदा झाल्यावर औषध नाही. मात्र लस आहे. ती आजची-कालचीही नाही. त्याच कुमाऊँतील मुक्तेश्वरच्या संस्थेत १९४० च्या दशकात ती तयार झाली. पिल्लू आठवड्याचे झाले की एका सौम्य लशीचा थेंब डोळ्यात टाकतात. सहा ते आठ आठवड्यांचे झाले की मुक्तेश्वरची लस टोचतात. कोंबडीमागे खर्च एका गावठी अंड्याच्या किमतीहून कमी.

मग पाऊणशे वर्षे हाताशी असलेली लस असूनही त्या मुलीच्या आईची पेटी का रिकामी झाली? आळस, अडाणीपणा, अंधश्रद्धा ही उत्तरे आपल्या ओठांवर तयार असतात. मीही तीच दिली असती. चौकशी केली तेव्हा निराळेच उत्तर मिळाले, आणि ते अंकगणिताचे होते.

लशीची कुपी शंभर कोंबड्यांची येते, कित्येकदा त्याहूनही मोठी. पूड द्रवात कालवली की दोन-एक तासांत संपवावी लागते, उरलेली फेकून द्यावी लागते. तोवर ती बर्फात ठेवावी लागते. ज्याच्या पोल्ट्रीत पाच हजार पक्षी आहेत त्याला यात काहीच अडचण नाही. पण जिच्यापाशी दहा कोंबड्या आहेत तिने दहांसाठी शंभरांची कुपी आणायची, नव्वद मात्रा ओतून द्यायच्या आणि टोचणाऱ्याला एकट्या घरासाठी बोलवायचे! ती हे करीत नाही यात तिचे काय चुकले? कुपी बनवणाऱ्याने तिचा विचार केलाच नव्हता. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड विद्यापीठातील संशोधकांनी उष्णतेत लवकर न बिघडणारी लस तयार केली. आफ्रिकेतील मोझांबिक, टांझानिया या देशांत गावातल्याच स्त्री-पुरुषांना शिकवून घरोघर तिचे थेंब टाकण्याचे काम झाले. तेथे लशीबरोबर शेजाऱ्यांचीही जुळवाजुळव करावी लागली, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते.

ती जुळवाजुळव आपल्या गल्लीत करून पाहावी असे मनात आले. शिक्षक-खोलीत बोलले तेव्हा एक ज्येष्ठ सहकारी म्हणाले, "बाई, शाळेचे काम गणित शिकवणे आहे, कोंबड्या मोजणे नव्हे." मी म्हटले, "सर, मुलांना पूर्णांक आणि शेकडा शिकवायला याहून चांगले उदाहरण मला सापडले नाही." दुसरी अडचण अधिक नाजूक होती. आपल्या शाळेतील कित्येक कुटुंबे शाकाहारी आहेत. त्यांच्या मुलांना या कामात ओढणे योग्य नव्हे. ज्यांच्या घरी कोंबड्या आहेत त्याच मुलांनी नावे नोंदवावी असे ठरले. तरी एक जैन विद्यार्थी आपण होऊन आला. जीव वाचवण्याच्या कामात आपल्याला का वगळता, असे त्याने विचारले. माझ्याकडे उत्तर नव्हते. तक्ता त्यानेच आखला.

चौदा घरे, एक्क्याण्णव कोंबड्या. एका रविवारी बर्फ घातलेल्या थर्मासात कुपी आली आणि पशुवैद्यकीय दवाखान्यातील कर्मचारी टोचायला आले. कोंबड्या आदल्या रात्रीच डालून ठेवायला सांगितले होते. तरी तीन घरांनी सकाळी सोडून दिल्या, आणि निम्मी वेळ त्यांच्यामागे धावण्यात गेली. दीड तासात काम संपले. सारे सुरळीत झाले असे मात्र म्हणवत नाही. एका घरच्या तीन कोंबड्या आधीच आजारी असाव्यात. त्या आठवड्यात मेल्या, आणि लशीनेच मेल्या असा बोभाटा झाला. दुसरीकडे अंडी काही दिवस थांबली. असे होऊ शकते हे आधी सांगायला हवे होते. ते मी सांगितले नाही; ती चूक माझी.

आणखी एक कटू गोष्ट लिहिणे भाग आहे. कोंबडी पंख पाडू लागली की पुष्कळ घरांत ती घाईघाईने बाजारात नेऊन विकतात, आणि मेलेल्या नाल्यात टाकतात. सगळे बुडण्यापेक्षा चार पैसे तरी हाती लागावे, ही त्यामागची गरज मी समजू शकते. परंतु याच वाटेने रोग दुसऱ्या गल्लीत जातो, आणि तेथेही कोणाची तरी पेटी असते. शिवाय प्रत्येक मर ही मानमोडीच असते असे नाही. २००६ च्या फेब्रुवारीत खानदेशाच्या पश्चिम टोकाला, नवापूर येथे, भारतातला पहिला बर्ड फ्लू आढळला आणि लाखो पक्षी नष्ट करावे लागले. २०२१ साली तेथे तो पुन्हा आला. अशा वेळी पोल्ट्रीबरोबर अंगणातल्या कोंबड्याही सुटत नाहीत. म्हणून मुलांनो, एकाएकी कोंबड्या मरू लागल्या तर त्यांना उघड्या हाताने शिवू नका, घरच्या मोठ्यांकरवी दवाखान्यात कळवा. मेलेल्या पक्ष्यांसाठी खोल खड्डा आणि वर चुना, एवढे तरी व्हावेच. "कोंबडे झाकले म्हणून तांबडे फुटायचे राहत नाही" ही म्हण रोग लपवणाऱ्यांनाही लागू पडते.

त्या मुलीच्या आईने पुढे शेजारणीकडून एक खुडूक कोंबडी आणि बारा अंडी मागून घेतली. नऊ पिल्ले निघाली, पाच वाचली. त्यांतली एक तलंग यंदा अंड्यावर आली आहे. मुलगी आता दहावीत असून तक्ता तिच्याकडे आहे. पुढची कुपी मार्गशीर्षात आणायची आहे. गेल्या खेपेच्या चौदांपैकी दोन घरांनी यंदा नाही म्हटले आहे, पलीकडच्या गल्लीतील एक घर नव्याने आले आहे. काल संध्याकाळपर्यंत नोंद चौऱ्याहत्तर कोंबड्यांची झाली. शंभराला सव्वीस कमी आहेत.